‘आधी दारू सोड’ : एका अटीचा विचार

पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्यास काही शब्द आयुष्यभर पुरतात. ग्रीक भाषेतील ‘सोझो’ हे क्रियापद माझ्यापुरते तसे ठरले आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात शिमोन परुश्याच्या घरी एक स्त्री अश्रूंनी प्रभूचे पाय भिजवते; आठव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली दुसरी एक स्त्री गर्दीतून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. पहिली गावात पापी म्हणून ओळखली जात होती, दुसरी आजारी होती. दोघींना निरोप देताना प्रभू जे वाक्य बोलतो, ते मूळ ग्रीकमध्ये शब्दशः एकच आहे, आणि त्यातील क्रियापद हेच. मराठीत आणताना मात्र आपण बहुधा पहिलीसाठी ‘तारणे’ हा शब्द योजतो आणि दुसरीसाठी ‘बरे करणे’. यात भाषांतरकाराचा दोष नाही. दोन्ही अर्थ सारख्याच सहजतेने पेलणारा शब्द मराठीजवळ नाही, म्हणून संदर्भ पाहून निवड करावी लागते. पण या सोयीची एक किंमत असते. आजाऱ्यांसाठी एक दार आणि पाप्यांसाठी दुसरे, अशी समजूत वाचकाच्या मनात नकळत पक्की होत जाते. मग ज्याच्या ठायी आजार व दोष एकमेकांत गुंतलेले आहेत, त्याने कोणत्या दाराशी उभे राहावे?

हा प्रश्न माझ्यासमोर ग्रंथांतून आला नाही. तो घरातून आला.

माझी थोरली बहीण जालन्यास असते. तिचा मुलगा 2016 साली अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी इंदूरला आमच्या घरी राहावयास आला, तेव्हा तो 18 वर्षांचा होता. पुढे जे लिहितो आहे ते त्याच्या संमतीने लिहितो. नाव मात्र लिहीत नाही. दुसऱ्या वर्षीच्या नाताळापूर्वी त्याच्यात मोठा पालट दिसू लागला. तो रात्री दोन तास झोपे आणि ताजातवाना उठे. पंधरा दिवसांत त्याने वीसएक गीते रचली, तरुण संघाच्या गायनाची सारी व्यवस्था अंगावर घेतली, फीसाठी दिलेल्या पैशांतून वाद्ये विकत आणली, आणि एका रविवारी उपासनेत अशा आवेशाने साक्ष दिली की पुष्कळांचे डोळे पाणावले. आम्हांला वाटले, मुलाच्या जीवनात जागृती आली आहे. मीही देवाचे आभार मानले. फेब्रुवारीत तोच मुलगा अंथरुणातून उठेना. तो आंघोळ करीना, कोणाशी बोलेना. आपण जगून काय उपयोग, असे एकदा म्हणाला. मार्चअखेर कळले की तो रोज पितो आहे.

ज्यांनी त्याच्या साक्षीचे कौतुक केले होते त्यांनीच आता त्याच्या पतनाबद्दल हळहळ व्यक्त केली. तो आनंदात होता तेव्हा आत्म्याने भरलेला होता, आणि पिऊ लागला तेव्हा पापात पडलेला. या दोन्ही काळांत तो आजारी असू शकेल हे कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही आले नाही. एका रात्री मी त्याला समोर बसवून म्हणालो, “आधी दारू सोड, मग पुढचे बघू.”

तो खाली मान घालून म्हणाला, “मामा, दारू सोडली की झोप लागत नाही. आणि झोप लागेनाशी झाली की मी तुम्हां सगळ्यांना आवडलो होतो तसा होतो.”

त्या उत्तराचा अर्थ समजावयास मला कित्येक महिने लागले.

बायपोलर डिसऑर्डर, ज्यास मराठीत द्विध्रुवी भावविकार म्हणतात, त्यास पूर्वी ‘मॅनिक डिप्रेशन’ असे नाव होते. या आजारात मन दोन टोकांमध्ये हेलकावे खाते. एका टोकास उन्माद असतो : झोपेची गरज कमी होते, विचारांना वेग येतो, बोलणे थांबत नाही, आत्मविश्वास अवाजवी वाढतो, पैसा उधळला जातो, आणि कोणी अडवले तर संताप येतो. पुरा उन्माद असेल तर ही अवस्था निदान आठवडाभर टिकते. दुसऱ्या टोकास नैराश्य असते. ते किमान दोन आठवडे आणि पुष्कळदा कित्येक महिने राहते. मधल्या काळात माणूस पूर्ववत दिसू शकतो, आणि म्हणूनच घरच्यांना हा आजार नसून स्वभाव आहे असे वाटत राहते. आजाराचा आरंभ बहुधा पंधराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान होतो. ज्या वयात मूल घर सोडून परगावी जाते, वसतिगृहात राहू लागते, आणि ज्या वयात पहिला पेला त्याच्यापुढे येतो, नेमके तेच हे वय.

या दोन गोष्टींची सोबत योगायोगाची नाही. अमेरिकेत 20,000 हून अधिक लोकांची पाहणी करून 1990 साली जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात तीव्र स्वरूपाचा बायपोलर असलेल्यांपैकी सुमारे 46 टक्के लोकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा दारूच्या व्यसनाने किंवा अतिसेवनाने ग्रासल्याचे आढळले. सर्वसाधारण लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा हे कितीतरी पट अधिक आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने 2015-16 साली 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण बायपोलरच्या बाबतीत सुमारे 70 टक्के, तर दारूच्या विकाराच्या बाबतीत सुमारे 86 टक्के निघाले. ज्यास दोन्ही आहेत, त्यास दोन्हींसाठी योग्य हात मिळण्याची आशा किती, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

दोन्ही विकारांचा परस्परांशी असलेला व्यवहारही समजून घेण्यासारखा आहे. नैराश्यातील मुलगा वेदना बोथट करण्यासाठी पितो. उन्मादाकडे झुकणारा मुलगा झोप यावी म्हणून पितो, किंवा त्या अवस्थेत संयमच सुटलेला असतो म्हणून पितो. दारूने पहिले दोन तास झोप लागते, परंतु पुढची रात्र मोडते. आणि मोडलेली झोप हे तर उन्माद भडकण्याचे एक मोठे निमित्त. दारू उतरली की नैराश्य अधिक गडद होते. प्यालेला माणूस गोळ्या विसरतो, किंवा दारूवर गोळी नको म्हणून मुद्दाम टाळतो. असे हे चाक फिरत राहते. कोणते आधी आले याचा शोध काही घरांत लागतो, काहींत लागत नाही. पण चाक फिरू लागल्यावर त्याचा आरंभबिंदू सापडला तरी तेवढ्याने ते थांबत नाही.

‘आधी दारू सोड’ ही अट केवळ मामाची नव्हती, हे पुढच्या काही महिन्यांत दिसून आले. एका रुग्णालयातील मानसोपचार विभागाने सांगितले की पिणे थांबवून महिन्याने या, म्हणजे नेमके निदान करता येईल. म्हणून आम्ही त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. तेथे पहिल्याच दिवशी त्याच्याजवळच्या गोळ्या काढून घेण्यात आल्या. गोळी हीसुद्धा नशाच, असा तेथला दंडक होता. दहाव्या दिवशी तो तीन रात्री जागा होता, भिंतीवर लिहीत होता, आणि सांभाळता येत नाही म्हणून त्याला घरी आणून सोडण्यात आले. एका ठिकाणी तो दारुडा म्हणून परका ठरला आणि दुसऱ्या ठिकाणी मनोरुग्ण म्हणून. दोन्ही ठिकाणची माणसे वाईट नव्हती. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा अर्धा मुलगा पाहिला.

रुग्णालयाच्या म्हणण्यात तथ्यही होते, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे. अति मद्यपानाने नैराश्य व चिडचिड उत्पन्न होते. दारू सोडताना झोप उडते आणि भ्रमही होतात. दारू थांबून काही आठवडे लोटले की यांतील पुष्कळसे आपोआप निवळते, आणि जे उरते ते मूळ आजाराचे असा निष्कर्ष काढणे सोपे जाते. परंतु निदानाविषयी सावध राहणे निराळे आणि निदान होईतो माणसाला दाराबाहेर उभे करणे निराळे. पिण्यास आरंभ होण्यापूर्वी त्याची अवस्था कशी होती, घराण्यात असा आजार कोणाला होता काय, हे विचारता आले असते. आमच्या आजोबांच्या भावाविषयी घरात जे कुजबुजत बोलले जाई, ते कोणी विचारले असते तर मी सांगितले असते.

शिवाय ही अट पाळावयास सांगणे धोक्याचेही असते. जो दीर्घकाळ भरपूर पीत आला आहे त्याने एकाएकी दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, बुद्धिभ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून दारू सोडवणे हेदेखील वैद्यकीय देखरेखीखाली, ब जीवनसत्त्वाच्या पुरवठ्यासह, करावयाचे काम आहे. दुसऱ्या बाजूने, बायपोलरची औषधे दारूशी जमवून घेत नाहीत. लिथियम या क्षाराचा उन्मादावरील गुण ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी 1949 साली प्रसिद्ध केला. ते आजही प्रमुख औषधांपैकी एक असून आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याचा लौकिक आहे. परंतु त्याचे रक्तातील प्रमाण वारंवार तपासावे लागते, आणि दारूमुळे, उलट्यांमुळे शरीरातील पाणी कमी झाले तर ते विषारी पातळीस जाऊ शकते. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्याच्या यकृतावर लक्ष ठेवावे लागते. गर्भास असलेल्या धोक्यामुळे तरुण मुलींना ते सहसा देत नाहीत. झोपेच्या गोळ्या व दारू एकत्र घेतल्यास श्वास मंदावतो. केवळ नैराश्यावरील गोळी दिली तर बायपोलरचा रुग्ण उन्मादात जाऊ शकतो. म्हणजे एका विकारावर उपचार करणाऱ्यास दुसऱ्याची माहिती नसेल, तर त्याचा उपचारच अपाय करू शकेल.

यावर तोडगा म्हणून दोन्हींवर एकाच वेळी, शक्यतो एकाच ठिकाणी उपचार करावेत हा विचार पुढे आला. तरुणांच्या बाबतीत त्यास पहिला ठोस आधार 1998 साली मिळाला. अमेरिकेत बार्बरा गेलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपोलर आणि नशा, मुख्यतः दारू व गांजा, असलेल्या 25 किशोरवयीन मुलांवर सहा आठवड्यांची चाचणी केली. काहींना लिथियम दिले, काहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. लिथियम घेतलेल्यांची नशाही कमी झाली आणि वागण्यातही सुधारणा दिसली. 2005 साली पिट्सबर्ग येथे 59 प्रौढ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना व्हॅल्प्रोएटची जोड दिल्यावर अति मद्यपानाचे दिवस घटले; मनःस्थितीतील सुधारणा मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. 2007 साली रॉजर वाइस यांनी 62 रुग्णांच्या गटांसह 20 आठवडे केलेल्या अभ्यासात, दोन्ही विकारांना मिळून एकच आजार समजण्यास शिकवणाऱ्या गटात नशेचे दिवस केवळ व्यसनाविषयी बोलणाऱ्या गटाच्या सुमारे निम्मे राहिले. या चाचण्या लहान आहेत आणि त्यांचे यश मर्यादित आहे. कोणतीही गोळी चमत्कार करीत नाही. परंतु दोन्हींना एकदम हात घालता येतो, एक संपेपर्यंत दुसऱ्याने थांबण्याचे कारण नाही, एवढे त्यांतून निश्चित दिसते.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे येतो. आमच्या मंडळीतील एक वयोवृद्ध वडील, ज्यांच्याविषयी मला आदर आहे, मला म्हणाले, “तुम्ही सगळ्यालाच आजार म्हणू लागलात, तर मग पाप उरले कोठे? उद्या प्रत्येक पिणारा म्हणेल, मला रोग आहे.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जबाबदारी काढून घेतली की माणसाचा मानही काढून घेतला जातो. ज्याच्याकडून कोणी काहीच अपेक्षा करीत नाही तो बरा होत नाही. तो केवळ सांभाळला जातो.

येथे मला पुन्हा भाषांतराच्या मेजाकडे वळावेसे वाटते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल आधी सांगतो की एकमेकांची ओझी वाहावीत, आणि अवघ्या तीन वचनांनंतर सांगतो की प्रत्येकाने आपापले ओझे वाहावे लागेल. वरवर पाहता हा विरोध आहे. परंतु ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे दाबून टाकणारे वजन. दुसरा ‘फोर्तियोन’, म्हणजे वाहून नेण्याजोगा, नेमून दिलेला भार, जो शब्द जहाजावरील मालालाही लागतो. शब्दार्थांतील हा फरक फार ताणू नये हे मी जाणतो. तरीही पौलाच्या मनात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत यात शंका नाही. ‘सोझो’च्या बाबतीत मराठीने एकाचे दोन केले, येथे ओझे आणि भार हे आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो व दोहोंचे एक करून बसतो.

माझ्या भाच्याला रक्तातून आलेला स्वभाव, पंधरा दिवसांची ती अनावर झेप, त्यानंतरचा अंधार, आणि दारू सुटताना होणारा देहाचा थरकाप, हे दाबून टाकणारे ओझे होते. ते त्याने एकट्याने उचलावे असे म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्यास दवाखान्यापर्यंत चालत ये म्हणण्यासारखे होते. परंतु मन ताळ्यावर असताना गोळी वेळेवर घेणे, झोपेची वेळ पाळणे, ठरल्या दिवशी रक्त तपासून घेणे, घसरल्यास ते लपवून न ठेवणे, उन्मादात ज्यांचे पैसे घेतले त्यांचे फेडणे व ज्यांना दुखावले त्यांची क्षमा मागणे, हा त्याचा स्वतःचा भार होता. तो त्याच्या खांद्यावरून काढून घेण्याचा अधिकार मला नव्हता. आजार त्याने निवडला नाही, तरी आजाराची काळजी घेणे त्याच्याकडे येते. आणि मी आजारी आहे म्हणून पितो, हे कारण दोन्ही विकारांचा एकत्र उपचार करणारे कोणीही मान्य करीत नाहीत. उलट आजार आहे म्हणूनच तुला एक घोटही परवडत नाही, असे ते सांगतात. वडिलांच्या आक्षेपाचे उत्तर मला येथे सापडते. अशा उपचारात जबाबदारी नाहीशी होत नाही. ती फक्त आपल्या जागी येते. आपण तिला दारात उभे करून प्रवेशाचे शुल्क म्हणून मागतो. वास्तविक माणूस आत येऊन थोडा सावरल्यावर ती त्याच्याकडून मागावयाची असते आणि त्याला हळूहळू पेलावयाची असते.

आपल्या देशाच्या कायद्यानेही याच दिशेने पाऊल टाकले आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या केली आहे, तीत दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. समाजातील नैतिक वा धार्मिक समजुतींशी कोणाचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक रुग्ण ठरवू नये, असेही तो कायदा बजावतो. सज्ञान व्यक्तीला त्याने आणखी एक अधिकार दिला आहे : आपली निर्णयशक्ती हरपली तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत व कसे होऊ नयेत, हे तिला आधीच लिहून ठेवता येते, आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमता येतो. वादळापूर्वी सुकाणू कोणाच्या हाती द्यावे हे स्वतः ठरवणे, यापेक्षा जबाबदारीचे कृत्य कोणते असेल?

याच्या अगदी उलट असलेल्या एका प्रथेविषयी येथे लिहिणे मला भाग आहे, कारण आपल्या पुष्कळ घरांत ती चालते. दारू सोडवण्याची गोळी चहात किंवा भाजीत गुपचूप मिसळून देणे ही ती प्रथा होय. माझ्या बहिणीलाही एका शेजारणीने अशा गोळ्या आणून दिल्या होत्या, आणि आई म्हणून तिचा हात कसा थरथरला असेल हे मी समजू शकतो. या कामी वापरले जाणारे डायसल्फिराम हे औषध, घेणाऱ्यास ठाऊक नसताना त्यावर दारू पडली तर रक्तदाब कोसळू शकतो व जिवावर बेतू शकते. शिवाय उन्मादाची प्रवृत्ती असलेल्यास त्याने भ्रम होण्याचा संभव असतो. पण समजा, यांतील काहीच झाले नाही. तरी ज्या घरात अन्नावर विश्वास ठेवता येत नाही, त्या घरातील मुलगा कोणाच्या हातून औषध घेईल? प्रेमाने केलेली फसवणूकही शेवटी फसवणूकच राहते. बहिणीने त्या गोळ्या परत केल्या. त्या रात्री तिने मुलाला सारे सांगितले, आणि त्यानंतर प्रथमच तो तिच्यापाशी रडला.

2018 च्या पावसाळ्यात आम्हांला असे एक डॉक्टर भेटले, ज्यांनी पहिल्या भेटीत अट घातली नाही. त्यांनी त्याला दाखल करून घेतले, दारू सुटतानाचे उपचार व लिथियम यांची आखणी एकाच कागदावर केली, आणि घरच्यांना समोर बसवून दोन्ही विकार समजावून सांगितले. पुढे आठवड्यातून एकदा तो अशा गटात जाऊ लागला, जेथे झोप, गोळ्या व दारू या तिन्हींविषयी एकत्र बोलले जाई. तो दोनदा घसरला, 2019 साली आणि 2021 साली. दुसऱ्या वेळी त्याने स्वतः फोन करून मला सांगितले. अभियांत्रिकी सुटली ती सुटलीच. आज तो 27 वर्षांचा आहे, एका छापखान्यात हिशेब पाहतो, आणि त्याने लिहून ठेवलेल्या कागदावर प्रतिनिधी म्हणून माझे नाव आहे. ज्याने त्याला पहिली अट घातली त्याचेच नाव त्याने लिहावे, हा मला मिळालेला क्षमेचा सर्वांत स्पष्ट अनुभव होय.

मंडळी म्हणून आपण काय करावे? वैद्याचे काम आपण करू नये, ही पहिली गोष्ट. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि आज आपल्या अनेक शहरांत बैठका भरवणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेने आपल्या सभासदांना लेखी बजावले आहे की कोणी कोणाचा डॉक्टर बनू नये व डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करावयास सांगू नये. प्रार्थनासभेतून ‘आता विश्वास ठेव आणि गोळ्या टाकून दे’ असा सल्ला देणाऱ्या बंधुभगिनींनी हे ध्यानात घ्यावे. मी स्वतः प्रार्थनेवर विश्वास ठेवतो. म्हणूनच तिला लिथियमची प्रतिस्पर्धी बनवणे मला मान्य नाही. दुसरे, तरुणाच्या आवेशाचे कौतुक करताना तो झोपतो किती, जेवतो किती, पैसे कसे खर्चतो, हेही आपुलकीने पाहावे. प्रत्येक उत्साह हा आजार नव्हे, हे खरे. पण प्रत्येक उत्साह जागृती असतो असेही नाही. तिसरे, नुकत्याच दारू सोडलेल्या मुलाला घाईने व्यासपीठावर उभे करून साक्ष देण्यास सांगू नये. कारण तो पुन्हा घसरला तर त्याला आपले तोंड लपवावे लागते आणि लपणारा माणूस पुन्हा पेल्याकडेच वळतो. चौथे, जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलले तर ते बोलणे उडवून न लावता त्याच दिवशी मदत गाठावी. ऑक्टोबर 2022 पासून शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य चालते, आणि तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते. मराठी प्रदेशापासून दूर, परभाषिक गावी राहणाऱ्या आपल्या वाचकांना हा क्रमांक विशेष उपयोगी पडेल.

शोमरोनी माणसाच्या दाखल्यात एक तपशील आपण वाचताना सहज ओलांडून जातो. तो जखमी माणसाला तेल व द्राक्षारस लावून थांबत नाही. त्याला उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी पैसे देतो, आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगून जातो. हा माणूस एकटाच या धोक्याच्या वाटेने का आला होता, असे तो विचारीत नाही. तो प्रश्न कधी विचारूच नये असे नाही. कदाचित परत येताना, रुग्ण उठून बसल्यावर, त्या दोघांनी त्याविषयी बोलणे केलेही असेल. पण तो प्रश्न जखम बांधण्यापूर्वीचा नव्हे.

आमच्या मंडळीत नाताळात रात्रभर घरोघर गात फिरण्याची जुनी चाल आहे. गेल्या वर्षी माझा भाचाही सुटी काढून आला होता. पेटी त्याच्याकडेच होती. बरोबर दहा वाजता त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली, सर्वांना नमस्कार केला, आणि “मामा, माझी झोपेची वेळ झाली,” असे म्हणून तो घराकडे निघाला. त्याला कोणी आग्रह केला नाही. ज्या वडिलांनी मला पापाविषयी प्रश्न विचारला होता, तेच हातात कंदील घेऊन त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेले.